मी न वाचलेली ओळ

आन्येस,

काल हाउसफेरवाल्टुंगचा, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन तुमच्या दारावरची पाटी काढून गेला. 'क्रूगर' असं कोरलेली पितळी पट्टी त्याने दोन मिनिटांत सोडवली. तिच्याखाली चिकटवलेली कागदाची पट्टी मात्र सुटेना. तुमचं माहेरचं नाव, निळ्या शाईत, तुमच्याच अक्षरात. त्याने नखाने खरवडून पाहिलं, मग माझ्याकडे ओलं फडकं मागितलं. मी दिलं नाही. म्हटलं, राहू द्या, मी काढते. अजून काढलेली नाही.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. जिन्यात भेटणारा जो तो म्हणतो, बाई चांगली होती, पण फार संशयी. मी मान हलवते. तुमच्या संशयाबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण हे पत्र तुमच्या संशयाचं नाही, माझ्या संशयाचं आहे. तुमच्याशी एकदा मी खोटं वागले आणि ते सांगायच्या आधीच तुम्ही गेलात.

आपली ओळख झाली तीच संशयातून. सहा वर्षांपूर्वी आम्ही जर्मनीत, ब्राउनश्वाइगला या घरात राहायला आलो, त्याला आठवडाही झाला नव्हता. बेळगावहून आईने पाठवलेलं पार्सल तुमच्याकडे ठेवल्याची चिठ्ठी आमच्या पत्रपेटीत होती. मी बेल वाजवली. दार साखळीपुरतंच उघडलं.

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी वरच्या मजल्यावर राहते. माझं पार्सल तुमच्याकडे आहे."

"त्यात काय आहे?"

"भाजणीचं पीठ."

"असं तुम्ही म्हणता," असं म्हणून तुम्ही माझा पासपोर्ट मागितलात. तो मी वरून आणून दिला तर पार्सलवरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून पाहिलंत. वर येऊन मी नवऱ्याला म्हटलं, खालची बाई आपल्याला चोर समजते, काळ्या लोकांशी वागायची हीच यांची रीत. पुढचे तीन महिने मी तुम्हाला 'गुटन मॉर्गन'सुद्धा म्हटलं नाही. नंतर कळलं, तुम्ही पासपोर्ट सगळ्यांचाच मागायचात. समोरच्या दंतवैद्याचासुद्धा.

मग तुमची नजर अधू व्हायला लागली. डोळ्यांच्या मधोमध काळा ठिपका आणि कडेकडेनेच काय ते दिसायचं. एका शनिवारी सकाळी तुम्ही स्वतः वर आलात. हातात डॉक्टरांचं पत्र होतं. "वाचून दाखवशील? सगळं वाच. चांगलं-वाईट निवडू नकोस."

"मीच का?" मी विचारलं.

"तू इथली नाहीस. माझ्याशी खोटं बोलून तुला काय मिळणार?"

आन्येस, हे वाक्य मला किती वेळा आठवलं असेल, सांगू शकत नाही.

मग दर शनिवारी मी खाली यायला लागले. तुम्ही कॉफी करायचात, कपात बोट बुडवून किती भरलाय ते बघायचात. मी पत्रं वाचायची. एकदा विचारलंत, मूळची कुठली? मी नेहमीचं उत्तर दिलं, पुण्याच्या दक्षिणेकडची. तुम्ही कप खाली ठेवलात. "पुण्याच्या दक्षिणेकडे हिंदी महासागरसुद्धा आहे. हे उत्तर काहीतरी लपवण्यासाठी आहे." मग सांगितलं. बेळगाव. गाव एका राज्यात, आमची भाषा दुसऱ्या राज्याची. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मराठीत पाटी रंगवणं हीच त्यांची चळवळ. पुढे पाट्यांवर कन्नड आधी आणि मोठं हवं असा नियम आला. पोट भरायला बाबा तेही रंगवायला शिकले, वळणदार, सुरेख. पण त्या पाट्यांच्या कोपऱ्यात त्यांनी आपली सही कधी केली नाही.

तुम्ही टेबलावर हात आपटलात. "गेनाऊ! अगदी बरोबर! सही नाही! गेनाऊ!" आणि मग तुम्ही तुमचं गाव मला सांगितलं. त्याचं नाव मराठी कानाला भलतंच लागतं, मला हसू फुटलं, आणि तुम्हाला वाटलं मी तुमच्या गावाला हसले. पंधरा मिनिटं गप्प बसलात. म्हणून ते नाव इथे लिहीत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच बोलणारे लोक आहेत एवढंच मला ठाऊक होतं. त्यातल्या ज्युराच्या डोंगरातले लोक दोनशे वर्षांपूर्वी, कुणालाही न विचारता, जर्मन बोलणाऱ्या बर्नच्या ताब्यात दिले गेले, हे तुमच्याकडून कळलं. आपलं वेगळं राज्य हवं म्हणून तुमच्या पिढीने डोंगराच्या कड्यांवर लाल-पांढरे झेंडे रंगवले. सत्तरच्या दशकात मतदान झालं. तुमच्या भागात बायकांना मत मिळून तीन-चारच वर्षं झाली होती, म्हणजे तुमच्या पहिल्या काही मतांतलं एक मत आपल्या राज्यासाठी होतं. ज्युराचं राज्य झालं. पण तुमचं गाव नंतरच्या फेरीत, एका गल्लीत मावतील एवढ्या मतांनी, बर्नमध्येच अडकलं.

"एका गल्लीत," तुम्ही म्हणायचात. "त्या गल्लीत कोण कोण राहायचं ते मी तुला नावानिशी सांगते."

संशय तुम्हाला तिथूनच चिकटला होता. कुणी मत कुणाला दिलं, कोण कुणाच्या बेकरीत पाव घेतो, कोण रविवारी कुठल्या कॅफेत बसतो. मला हे नवं नव्हतं. आमच्याकडेही कोण बसमध्ये कंडक्टरशी कुठल्या भाषेत बोललं यावर लोक माणूस ओळखायचे. आणि इथेच आपलं बिनसलं. मी सहज बोलून गेले की माझी आई धारवाडची आहे, तिची भाषा कन्नड, अजूनही भाकऱ्या मोजते त्या कन्नडमध्ये.

तुम्ही विचारलंत, "मग तुझे वडील तिच्यावर विश्वास कसा ठेवायचे?"

मी कप तसाच टाकून वर आले. दोन शनिवार खाली उतरले नाही. माझ्या आईवर अविश्वास? जिने बाबांच्या रंगाने माखलेल्या हातांना आयुष्यभर रॉकेल लावून दिलं? तिसऱ्या शनिवारी तुम्ही माझ्या दाराशी सफरचंदाचा केक ठेवून गेलात, सोबत चिठ्ठी नाही. तुम्ही माफी मागितली नाही आणि मीही तो विषय पुन्हा काढला नाही. आता वाटतं, काढायला हवा होता. त्या प्रश्नामागे माझी आई नव्हतीच.

ईराच्या बाबतीत मात्र तुम्ही हट्ट सोडला नाहीत. माझी मुलगी मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. एकदा तुमच्यासमोर मी तिला म्हटलं, चल, दप्तर घे. ती म्हणाली, "ममा, इश हाब काइने लुस्ट." मला कंटाळा आलाय. तुम्ही तिचा हात धरलात. "हे तुझ्या आईच्या भाषेत सांग."

ईरा नऊ वर्षांची. तिने सरळ विचारलं, "तुमच्या आईची भाषा कुठली होती?"

"फ्रेंच," तुम्ही म्हणालात आणि कॉफी बघायला उठलात. कॉफी तर टेबलावर होती. मी ते पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

भावाबद्दल तुम्ही फार उशिरा बोललात. लुसियाँ, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. गावातल्या लेथ बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. मतदानाच्या आठवडाभर आधी पोलीस तुमच्या घरी आले आणि इकडेतिकडे न शोधता थेट परसातल्या सशांच्या खुराड्याकडे गेले. त्याखाली पत्रकं होती आणि रंगाचे डबे. लुसियाँला धरून नेलं. काही आठवडे आत राहिला, नोकरी गेली. ती जागा माहीत होती दोघांनाच, तुम्हाला आणि त्याला. आणि तिसरा हेल्मूट. कारखान्यातून लेथ ताब्यात घ्यायला ब्राउनश्वाइगहून आलेला जर्मन इंजिनियर, ज्याच्याशी तुमचं लग्न ठरत होतं. त्याला तुम्हीच एकदा, हसत हसत, सशांची पिल्लं दाखवताना सांगितलं होतं.

लुसियाँ सुटून आला आणि स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणाला, "एक तर तू बोललीस, नाहीतर तुझा जर्मन." तुम्ही म्हणालात, "किंवा तू स्वतः. आधीच सौदा करून, कमी शिक्षेच्या बोलीवर." त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. आई गेली तेव्हासुद्धा थडग्याच्या दोन बाजूंना उभे राहिलात.

"खरंच वाटायचं तुम्हाला, त्याने स्वतःच सांगितलं असेल?" मी विचारलं.

"हेल्मूटने नाही सांगितलं," तुम्ही म्हणालात. "मी तर सांगितलंच नाही. आल्झो, म्हणजे मग उरलं कोण?"

भिंतीवर हेल्मूटचा फोटो होता. चष्मा, पुसट हसू, हातात मापायचं कॅलिपर. मी या माणसाला कधी भेटले नाही, तो गेला त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही इथे आलो. पण त्या दिवसापासून मी त्या फोटोकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. मी सीमाभागात वाढलेली मुलगी. आमच्या घरी कुणी अनोळखी माणूस बाबांची चौकशी करत आला की आई आधी त्याच्या पायातले बूट बघायची, पोलिसाचे आहेत का. अशा घरात वाढलेल्या माणसाला संशय घ्यायला शिकवावं लागत नाही.

आम्ही इथे यायच्या आधीच तुमच्या गावात पुन्हा मतदान झालं होतं. गाव ज्युराकडे जायचं ठरलं. मग खोटे रहिवासी दाखवून मतं घातल्याच्या तक्रारींवरून तो निकालच रद्द झाला. त्यानंतर आणखी एक मतदान होऊन ते पक्कं झालं. त्या बातम्या तुम्ही रेडिओवर कान लावून ऐकायचात आणि प्रत्येक वेळी म्हणायचात, "बघ, अजून एकमेकांच्या घरांचे पत्ते तपासतायत." मागच्या वर्षी एके दिवशी तुम्ही म्हणालात, आता मला माझी फाइल बघायची आहे. चळवळीतल्या लोकांवर तेव्हा पाळत असायची, त्यांच्या फायली पुढे अर्ज करणाऱ्यांना मिळायला लागल्या होत्या. तुम्ही कधी अर्ज केला नव्हता. आत लुसियाँचं नाव निघालं तर, ही भीती. "आता गाव चाललंय," म्हणालात, "मी पण चाललेय. बघून घेते." अर्ज मी टाइप केला. सही करताना कागदावर रेघ कुठे आहे ते मी तुमचं बोट धरून दाखवलं.

ऑक्टोबरात जाड पाकीट आलं. एकवीस पानांच्या झेरॉक्स, टाइपरायटरवर टाइप केलेलं जर्मन. फ्रेंचसाठी लढणाऱ्या मुलीची सगळी हकिगत जर्मनमध्ये. नावं काळ्या शाईने झाकलेली. पहिल्या शनिवारी आपण सात पानं वाचली. तुम्ही कुठल्या सभेत गेलात, कुठला कोट घातला होता, कुणाबरोबर परत आलात. "कोट हिरवा नव्हता," तुम्ही चिडलात. "निळा होता. मूर्ख लोक." मला हसू आलं, तुम्हालाही आलं. एवढं हसलेल्या मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी अकरावं पान आलं. सशांचं खुराडं. मी वाचलं, 'स्रोताने सांगितल्याप्रमाणे पत्रकं परसातल्या खुराड्याखाली आहेत.' तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. पुढच्या दोन ओळी मी आधी मनात वाचल्या. तिथे लिहिलं होतं, स्रोताला फ्रेंच अडखळत येते, म्हणून बोलणं जर्मनमध्ये झालं. तरुण मंडळींना मारहाण होऊ नये, एवढीच स्रोताची अट आहे.

मी मान वर केली. समोर हेल्मूटचा फोटो.

मला एका क्षणात सगळं कळलं, असं मला वाटलं. जर्मन बोलणारा, फ्रेंच अडखळत येणारा, आपल्या होणाऱ्या बायकोच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून अट घालणारा. दुसरं कोण असणार? आणि तुम्ही चाळीसहून जास्त वर्षं ज्याच्या शेजारी झोपलात, ज्याच्यासाठी गाव सोडलंत, भाषा सोडलीत, तो माणूस मी तुमच्याकडून एका ओळीत काढून घेणार होते. तुमची नजर गेलेली, शेजारची खुर्ची रिकामी.

"पुढे?" तुम्ही विचारलंत.

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "पुढचं पान छाप्याच्या दिवसाचं आहे."

तुम्ही कप चाचपून बाजूला सारलात. मग म्हणालात, "म्हणजे लुसियाँच." मी काही बोलले नाही. म्हणजे मी होच म्हटलं. वर येताना मला स्वतःचा थोडा अभिमान वाटत होता, की मी एका म्हाताऱ्या बाईचा संसार वाचवला. तिच्या भावाचं काय झालं, हा विचार जिन्यात मनाला शिवलाही नाही.

नंतर शिवला. डिसेंबरात तुमची पत्त्यांची वही माझ्या हाती आली, कुणाला तरी नाताळचं कार्ड लिहायचं होतं. लुसियाँच्या नावापुढे तीन पत्ते खोडून चौथा लिहिलेला. तो जिथे जिथे राहायला गेला, ते तुम्ही कुणाकडून तरी विचारून घेत आला होतात. कार्ड मात्र त्याला नव्हतं.

"त्याला लिहू या?" मी विचारलं.

"त्याने लिहावं. फाइल माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, नाताळ होऊ दे.

एक जानेवारीला तुमचं गाव ज्युरात गेलं. दुपारी मी लॅपटॉप घेऊन खाली आले, कुणीतरी टाकलेला व्हिडिओ लावला. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी सांगत होते, झेंडे आहेत, पाऊस नाही, एक माणूस खांद्यावर मूल घेऊन उभा आहे. तुम्ही हाताने मला गप्प केलंत आणि पुढे वाकून कान स्पीकरला लावलात. घंटा, गाणी, गर्दीचा कोलाहल. तुम्ही रडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही रडला नाहीत. तोच तुकडा मला चार वेळा लावायला सांगितलात.

"काय ऐकताय?"

"तो खोकतो," तुम्ही म्हणालात. "लहानपणापासून. गर्दीत उभा राहिला की खोकतो."

पाचव्यांदा लावलं नाही. तुम्ही लॅपटॉप स्वतःच मिटलात आणि विचारलंत, "तुझं बेळगाव तिकडे गेलं तर तू परत जाशील?" मी म्हटलं, नाही. "मग तुझ्या वडिलांनी कशासाठी केलं?" मी म्हटलं, मी परत जावं म्हणून नव्हे, मी गेलेच तर पाटी वाचता यावी म्हणून. तुम्हाला ते उत्तर आवडलं नाही. यावर पुढच्या शनिवारी भांडू, असं म्हणालात. पुढच्या शनिवारी तुम्हाला न्यूमोनिया झालेला होता. हॉस्पिटलात नाकाला नळी असताना तुम्ही माझ्याशी फ्रेंच बोलत होतात आणि मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. सिस्टर म्हणाली, आजी जर्मन विसरल्या बहुतेक. मला वाटलं, विसरल्या नाहीत, टाकून दिली.

अकराव्या दिवशी तुम्ही गेलात.

लुसियाँला पत्र मी लिहिलं, चौथ्या पत्त्यावर. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. बाझेलहून थेट आयसीई रेल्वेने, एकटा, काठी टेकत. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. शाळकरी फ्रेंच जुळवून पाठ केलं होतं. दोन वाक्यांत अडले. तो म्हणाला, "जर्मनमध्ये बोला. मला येतं."

त्याचं जर्मन इथल्यासारखं नव्हतं. बर्नकडचं गावठी, घशातून येणारं, पण अगदी सहज. जन्मापासूनचं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, कुठे शिकलात?

"आईकडून," तो म्हणाला. "ती बर्नच्या डोंगरातली. लग्न होऊन आमच्याकडे आली. मरेपर्यंत तिला फ्रेंच धड आलं नाही. आन्येसने सांगितलं नाही?"

आन्येस, मी गाडी बाजूला घेतली. हॅझर्ड लाइट लावले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

तो मला विचारत होता, काय झालं? मी काय सांगणार होते? पण सांगितलं. तिथेच, रस्त्याच्या कडेला. अकरावं पान, दोन ओळी, मी गाळलेल्या. जर्मनमध्ये 'स्रोत' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्या ओळींत सगळीकडे 'ती' होतं. 'तिला' फ्रेंच अडखळत येते. 'तिची' अट आहे. मी ते व्याकरण समजून सोडून दिलं होतं. मी एका पुरुषाला शोधत होते, त्यामुळे मला पुरुषच सापडला.

लुसियाँ समोर काचेतून बघत राहिला. मग म्हणाला, "ठाण्यावरचा हवालदार तिच्या खोऱ्यातला होता. रविवारी कॉफीला यायचा. स्वतःच्या भाषेत बोलायला तिला तेवढाच एक माणूस होता." मग काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "मला आत कुणी हात लावला नाही. बाकीच्या पोरांना लावला. मला वाटायचं नशीब."

मी इंजिन बंद केलं.

"शेवटी शेवटी ती फक्त जर्मन बोलायची. सारखं एकच. 'मी त्यांना सांगितलं होतं, मारू नका.' आम्हाला वाटायचं, सशांबद्दल बोलते. ससे तीच सांभाळायची, छाप्यानंतर तिने सगळे देऊन टाकले होते."

मी म्हटलं, चूक माझी आहे. ती ओळ ऐकली असती तर आन्येसना तत्काळ कळलं असतं. तो नाही म्हणाला नाही. खोटा दिलासा दिला नाही, तुमचाच भाऊ. फक्त म्हणाला, "तीन दिवस चिडून बसली असती. चौथ्या दिवशी फोन केला असता. तिचं नेहमी तसंच असायचं." मग खोकला.

दफनविधीला आम्ही नऊ जण होतो. तुमची रक्षा हेल्मूटशेजारी ठेवली. लुसियाँने हेल्मूटच्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दाम लांब उभी राहिले. नंतर तुमच्या घरी बसून त्याने सगळी एकवीस पानं वाचली. कोट निळा होता, हिरवा नव्हता, हे त्यानेही सांगितलं. तुमच्यावर एवढी पाळत होती, हेच त्याला माहीत नव्हतं. स्वतःच पाळतीखाली असलेली बहीण खबरी कशी असेल, एवढं कळायला त्याला फक्त पहिलं पान पुरलं असतं. ते तुम्ही त्याला दाखवलं नाहीत. त्याने मागितलं नाही. आणि तिसरी मी, जिला खोटं बोलून काय मिळणार असं तुम्हाला वाटलं होतं, त्याच मी तुमच्याशी खोटं बोलून वर दयाळूपणाचं समाधान मिळवलं.

मला अजून एक शंका छळते. तुम्हाला आतून माहीत होतं का? ईराला 'फ्रेंच' असं खोटं सांगून तुम्ही उठलात. माझे बाबा आईवर विश्वास कसा ठेवायचे, असं विचारलंत. कदाचित तो प्रश्न तुम्ही स्वतःला आयुष्यभर विचारत होतात आणि उत्तर नको म्हणून भावावर संशय धरून बसला होतात. आई दोषी असण्यापेक्षा भाऊ दोषी असलेला परवडला. मला हे तुमच्याकडून ऐकायचं होतं. तुम्ही रागावला असतात, पासपोर्ट मागितला असतात, पण शेवटी बोलला असतात.

दफनविधीनंतरच्या शनिवारी मी बेळगावला घरी फोन केला. आईला म्हटलं, बाबांच्या चळवळीतल्या माणसांनी तुझ्यावर कधी संशय घेतला होता का गं? ती हसली. म्हणाली, "घेत होते की. मी चहा घेऊन गेले की गप्प बसायचे. तुझे बाबा एकदा त्यांना म्हणाले, हिला ऐकू द्या, नाहीतर चहा बाहेर प्या." मी इतकी वर्षं त्या घरात राहिले, मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

लुसियाँचा काल फोन आला. तो गावी पोचल्यावर आईच्या थडग्यावर गेला होता. गेली वीस-पंचवीस वर्षं तो तिथे फक्त फुलं ठेवून यायचा. या वेळी बोलला, म्हणाला, आईशी जर्मनमध्ये.

"काय बोललात?"

"आन्येस गेली ते सांगितलं. म्हटलं, मला आता कळलंय, माझा राग नाही. मग तिने विचारलं असतं ना, आन्येसला कळलं का, म्हणून ते पण सांगितलं. नाही कळलं म्हणून."

आन्येस, ते 'नाही' माझ्यामुळे आहे. तुम्ही म्हणाला होतात, सगळं वाच, निवडू नकोस. मी निवडलं.